गंधर्वांच्या वंशावळी : गवयांनी स्वतः सांगितलेली चरित्रे कशी वाचावीत

१/
नाशिकला पंचवटीत तीर्थोपाध्यायांच्या घरी जुन्या वह्यांची बाडे जपलेली असतात. यात्रेकरू आला की उपाध्ये त्याचे गाव आणि कूळ विचारतात, बाड सोडतात आणि त्याच्या आजोबा-पणजोबांच्या हातचा मजकूर पुढे ठेवतात. मग यात्रेकरूने त्याच्याखाली आपले, आपल्या वडिलांचे, भावांचे आणि मुलांचे नाव लिहायचे. हेही एक आत्मचरित्रच, चार ओळींचे. मात्र वरच्या ओळी आधीच लिहिलेल्या असतात, आणि वही दुसऱ्याच्या ताब्यात असते. नातवाला सोयीचा आजोबा निवडता येत नाही.

२/
गवयाच्या चरित्राला अशी वही नसते. मैफलीआधी निवेदक वाचून दाखवतो तो परिचय आठवावा : वयाच्या चौथ्या वर्षी पहिली मैफल, अमुक घराण्याची सातवी पिढी, देशविदेशांतील रसिक मंत्रमुग्ध. मजकूर बहुधा कलाकारानेच पाठवलेला असतो, फक्त तृतीयपुरुषी. आजचे बँड समाजमाध्यमांवर स्वतःची ओळख लिहितात तीही याच घाटाची. वाचताना हसू येते. परंतु या आत्मस्तुतीला मोठा इतिहास आहे, आणि त्याचा एक धागा पंचवटीतच येऊन थांबतो.

३/
१९२२ मध्ये पंचवटीत ‘रामनाम आधार आश्रम’ उभा राहिला. स्थापन करणारे होते पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर. जन्म १८ ऑगस्ट १८७२, कुरुंदवाड. त्यांच्या नावामागे ‘गायनाचार्य’ लागत असे. त्यांनी आत्मचरित्र लिहून ठेवले नाही, पण त्यांच्या आयुष्याची एक ठरलेली कथा त्यांच्या हयातीतच तयार झाली आणि शिष्यांनी ती घरोघरी नेली. महाराष्ट्रात गवयाचे चरित्र कसे ‘घडवले’ जाते हे पाहायचे असेल, तर सुरुवात या कथेपासून करावी.

४/
कथा अशी. घराण्याचे मूळ आडनाव गाडगीळ. पलूस गावावरून पलुस्कर झाले. लहानपणी फटाक्याने डोळ्यांना इजा झाली, दृष्टी अधू झाली, शाळा सुटली. मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे ग्वाल्हेर गायकीची तालीम मिळाली. मिरजेच्या अधिपतींचा त्यांच्यावर लोभ होता. पुढे एका समारंभाचे निमंत्रण विष्णु दिगंबरांना आले, त्यांच्या गुरूंना आले नाही. कारण विचारता उत्तर मिळाले की ते तर गवई. हा अपमान जिव्हारी लागला आणि १८९६ मध्ये त्यांनी मिरज सोडली.

५/
पलुस्करांच्या जवळजवळ प्रत्येक चरित्रात हा प्रसंग येतो, आणि तो वळणाच्या जागी येतो. तो खरा की खोटा, यापेक्षा मोलाचा प्रश्न असा की सांगणाऱ्यांना तोच प्रसंग सर्वांत महत्त्वाचा का वाटला? कारण त्यात एका संपूर्ण पेशाचे दुखणे होते. संस्थानात गवयाला पगार होता, शेला-पागोटे होते, कौतुकही होते. पंक्तीत मानाचा पाट नव्हता. त्याचे गाणे दिवाणखान्यात चाले. तो स्वतः तेथे नोकर म्हणून येई.

६/
यानंतर कथेत गिरनार येतो. तेथे एका साधूने त्यांना उत्तरेकडे जाण्याचा आदेश दिला असे सांगतात. इतिहास त्याच्या जोडीला काही रुक्ष कारणे ठेवतो : रेल्वेचे जाळे, तिकीट काढून गाणे ऐकू शकणारा नवा मध्यमवर्ग, आणि शाळा, महाविद्यालये व वृत्तपत्रे यांनी गजबजलेले लाहोर. ५ मे १९०१ रोजी तेथे त्यांनी गंधर्व महाविद्यालय काढले. ते राजाच्या खजिन्यावर चालणारे नव्हते. वर्गणी, देणग्या आणि फी यांवर चालायचे होते. देणगी मागणाऱ्याला कथा लागते. ‘नोकरी सोडून नशीब काढायला आलो’ या वाक्यावर वर्गणी मिळत नाही. ‘साधूच्या आज्ञेने आलो’ यावर मिळते.

७/
संस्थेचे नावही नीट पाहावे. संगीताला प्राचीन ग्रंथांत ‘गांधर्व’ म्हटले आहे आणि गंधर्व हे देवसभेतले गायक. एका शब्दात दोन दावे झाले : ही विद्या शास्त्रोक्त आहे, आणि ती गाणारा माणूस हलका नाही. ‘महाविद्यालय’ हा शब्द तिसरा दावा करतो : येथे खाजगी तालीम नाही, अभ्यासक्रम आहे. पोकळ भासणारे असे शब्द बहुधा एखाद्या जुन्या अवहेलनेला दिलेले उत्तर असतात.

८/
मराठी मुलुखात तर गंधर्वांचे पीकच आले. रहिमतखाँ ‘भूगंधर्व’. भास्करबुवा बखले ‘देवगंधर्व’. नारायण श्रीपाद राजहंस ‘बालगंधर्व’. रामभाऊ कुंदगोळकर ‘सवाई गंधर्व’, म्हणजे गंधर्वाहून पाव हिस्सा अधिक. सौदागर गोरे ‘छोटा गंधर्व’. शिवपुत्र कोमकली ‘कुमार गंधर्व’. हे कलावंत खरोखर थोर होते, म्हणून आज या पदव्या नावांसारख्या वाटतात. पण एकापाठोपाठ एक वाचल्यावर लक्षात येते की ही चढाओढीची भाषा आहे. एक गंधर्व झाला की पुढच्याला नुसते गंधर्व असून भागत नाही.

९/
यातले देणारे कोण, हे अधिक बोलके आहे. लहानग्या नारायणाला ‘बालगंधर्व’ म्हटले ते लोकमान्य टिळकांनी, असे परंपरा सांगते. ‘सवाई गंधर्व’ ही पदवी दिली अमरावतीच्या दादासाहेब खापर्ड्यांनी. दोघेही राजकीय पुढारी, राजे नव्हेत. म्हणजे एका पिढीत पदवी देण्याचा अधिकार दरबाराकडून जाहीर सभेकडे आणि नाटकगृहाकडे आला. गवयाच्या परिचयात पदवीइतकेच देणाऱ्याचे नाव मोठ्याने वाचले जाते ते यामुळे. तीच त्याची नवी सनद.

१०/
पलुस्करांच्या शिष्यांत ही भाषा सर्वांत दिमाखाने वापरली पंडित ओंकारनाथ ठाकूर यांनी. गाणे असामान्य, व्यासपीठावरचे रूप त्याहून असामान्य, आणि नावामागे ‘संगीतमार्तंड’. १९३३ मध्ये ते युरोपात होते. त्या प्रवासात रोमला मुसोलिनीपुढे गाऊन, पूरिया रागाने त्याचा निद्रानाश घालवला, ही कथा त्यांच्याच सांगण्यातून प्रसिद्ध झाली. तानसेनाने दीपक गाऊन दिवे लावले, त्याच जातीची ही कथा आहे. बादशहाच्या जागी हुकूमशहा आला, इतकेच.

११/
ही केवळ आपल्याकडची खोड नव्हे. १७४० मध्ये हॅम्बुर्गच्या योहान मॅथेसनने ‘सन्मानाची कमान’ अशा अर्थाच्या नावाचा एक चरित्रकोश छापला. त्यासाठी त्याने संगीतकारांकडून त्यांची आत्मवृत्ते मागवली होती. टेलेमानने आपले पाठवले. हँडलने वारंवार मागूनही पाठवले नाही. योहान सेबास्टियन बाख त्यात नाहीच. स्वतः मॅथेसनने मात्र स्वतःवर लांबलचक लेख लिहिला.

१२/
याच ग्रंथात १७०४ च्या एका भांडणाची हकिकत आहे. ऑपेरा चालू असता वाद्यावर कोणी बसायचे यावरून तरुण मॅथेसन आणि हँडल यांची जुंपली, बाहेर चौकात तलवारी निघाल्या, आणि मॅथेसनची तलवार हँडलच्या कोटाच्या धातूच्या बटणावर आपटून मोडली. प्रसंग अत्यंत रंगतदार आहे. पण तो आपल्याला कळतो तो एकाच बाजूने. ज्याने आत्मवृत्त लिहिले त्याची बाजू उरली; ज्याने लिहिले नाही, त्याच्या वतीने दुसराच बोलला. गर्विष्ठ आत्मचरित्रांचा खरा धोका येथे आहे.

१३/
महाराष्ट्रात या दाव्यांची कसून तपासणी करू पाहणारा माणूस पेशाने वकील होता : पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६). १९०४ ते १९०९ च्या दरम्यान ते दक्षिणेत, पूर्वेत आणि उत्तरेत हिंडले. उस्तादांना, पंडितांना आणि संस्थानिकांना भेटले, त्यांना प्रश्न विचारले आणि उत्तरे रोजनिशीत उतरवली. हा राग कोणत्या ग्रंथात आहे? आपण तो ग्रंथ पाहिला आहे काय? तानसेनापासूनची परंपरा म्हणता, तर मधली नावे कोणती? एखाद्या साक्षीदाराची उलटतपासणी घ्यावी तसे हे प्रश्न होते, आणि कित्येक साक्षीदार त्यांत अडखळले.

१४/
परंतु भातखंड्यांनाही स्वतःच्या नावावर भागेना. १९१० मध्ये ‘श्रीमल्लक्ष्यसंगीतम्’ हा संस्कृत ग्रंथ आला. कर्ता ‘चतुर पंडित’. हे चतुर पंडित म्हणजे स्वतः भातखंडेच. पुढे मराठीतील ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’त लक्ष्यसंगीताच्या कर्त्याचे मत ते आधार म्हणून देतात, जणू ती दुसरी कोणी अधिकारी व्यक्ती आहे. संस्कृतात आणि पारंपरिक नावाने सांगितल्याशिवाय शास्त्र मान्य होणार नाही, हे त्या वकिलाने ओळखले होते. इतरांची वंशावळ तपासणाऱ्याने आपल्या ग्रंथाला मात्र एक पूर्वज निर्माण केला.

१५/
तपासणीला सामोऱ्या जाणाऱ्यांच्या बाजूचा दस्तऐवजही उपलब्ध आहे. जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक उस्ताद अल्लादियाखाँ (१८५५–१९४६) यांनी उतारवयात आपली जीवनकथा नातू अझीझुद्दीनखाँ यांना सांगितली. मूळ उर्दू कथन. इंग्रजी अनुवाद २००० मध्ये कोलकात्याहून ग्रंथरूपाने आला. खाँसाहेब राजपुतान्यातले, पण त्यांचे कर्तृत्व बहरले ते शाहू महाराजांच्या कोल्हापुरात आणि नंतर मुंबईत.

१६/
त्यांच्या घराण्याच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज शांडिल्य गोत्री गौड ब्राह्मण होते, नाते थेट स्वामी हरिदासांशी पोहोचते, आणि धर्मांतर झाले ते दिल्लीपतीच्या कैदेतून आपल्या राजाला सोडवण्यासाठी. कागदोपत्री हे सिद्ध करणे कठीण आहे. पण हे कोणत्या काळात आणि कोणासमोर सांगितले गेले, ते पाहावे. भोवतीचे शिष्य आणि श्रोते बहुसंख्य हिंदू. ‘निरक्षर उस्तादांनी विद्या बिघडवली’ हा आरोप चहूकडे ऐकू येणारा. शास्त्राची मालकी ब्राह्मण पंडितांकडे सरकलेली. अशा वेळी गोत्र सांगणे म्हणजे या विद्येवर आपलाही वडिलोपार्जित हक्क आहे, असे निक्षून सांगणे होय.

१७/
याच खाँसाहेबांच्या चरित्रात एक वेगळा प्रसंगही आहे. ऐन उमेदीत एका ठाकुराच्या आग्रहाखातर दिवसेंदिवस गात राहिल्याने त्यांचा आवाज बसला. पूर्वीचा आवाज परत आला नाही. उरलेल्या आवाजाला पेलेल अशी नवी गायकी त्यांनी बांधली, आणि तीच आज जयपूर गायकी म्हणून ओळखली जाते. गोत्राच्या कथेत पूर्वजांचे तेज आहे. या कथेत एका माणसाची हानी आणि त्याची मेहनत. इतिहासाच्या अभ्यासकाने आत्मकथनांत अशा जागा शोधाव्यात. ज्या गोष्टीने सांगणाऱ्याचा मोठेपणा वाढण्याऐवजी त्याचे नुकसान उघड होते, ती रचण्याचे कारण सहसा नसते.

१८/
आता ज्यांना अशी वंशावळ सांगण्याची सोयच नव्हती, त्यांच्याकडे वळावे. केसरबाई केरकर (१८९२–१९७७) आणि मोगूबाई कुर्डीकर (१९०४–२००१) या अल्लादियाखाँच्याच थोर शिष्या. दोघींची आडनावे गोव्यातल्या गावांवरून आली : केरी आणि कुर्डी. पलूसवरून पलुस्कर, तसे केरीवरून केरकर. वरवर एकच रीत. पण गाडगीळांना मागे ठेवण्यासाठी एक आडनाव होते. कलावंत समाजातल्या मुलीला वडिलांचे आडनाव लावण्याचा मार्ग बहुधा बंद असे, म्हणून गाव हेच कूळ झाले.

१९/
हिराबाई बडोदेकर (१९०५–१९८९) यांचेही तसेच. किराना घराण्याचे उस्ताद अब्दुल करीमखाँ त्यांचे वडील. आई ताराबाई माने त्यांच्यापासून वेगळ्या झाल्यावर मुलांची नावे पालटली, आणि पुढची पिढी सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर अशा नावांनी उभी राहिली. पुरुष गवयाचे चरित्र पूर्वज जोडून मोठे होत होते. येथे एक बाप वगळून नवे आयुष्य सुरू करावे लागले. दोन्ही चरित्रे ‘घडवलेली’च आहेत. पण एक मानासाठी आहे, दुसरे निभावासाठी. दोन्हींना सरसकट ‘बढाई’ म्हणणारा अभ्यासक आंधळा ठरेल.

२०/
पलुस्करांच्या कथेतही ही रेघ दिसते. त्यांनी शृंगारिक चिजांचे शब्द बदलले, भजनाला मैफलीत स्थान दिले, कुलीन घरच्या मुलींना संगीताची शाळा उघडी केली. गाणे प्रतिष्ठित झाले. परंतु ‘आमचे गाणे प्रतिष्ठित’ असे सांगताना ‘त्यांचे नव्हे’ हेही न बोलता सांगितले जाते. ज्या उस्तादांनी आणि गायिकांनी ही विद्या पिढ्यानपिढ्या जिवंत ठेवली, ते या नव्या चरित्रात हळूहळू पार्श्वभूमीला गेले. पलुस्करांच्या गुरुपरंपरेचा उगमही ग्वाल्हेरच्या हद्दूखाँ-हस्सूखाँ यांच्या घराण्यात होता.

२१/
त्यांच्या कामाची दुसरी बाजू मात्र आत्मस्तुतीवरचा मोठा उताराच ठरली. स्वरलिपीची पुस्तके, ठरावीक अभ्यासक्रम, परीक्षा. त्यांच्या निधनानंतर १९३१ मध्येच शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. आज नाशिकच्या एखाद्या गल्लीतली मुलगी ‘विशारद’ होते तेव्हा ती पदवी राजाने, पुढाऱ्याने किंवा तिने स्वतः दिलेली नसते. ती परीक्षा देऊन मिळवलेली असते. वंशावळ नसलेल्यालाही नावापुढे लावण्याजोगे काही मिळाले. परीक्षेने कलावंत घडतो का, हा वाद जुना आहे. पण जन्मावरचा एक दाखला तिने कमी केला, हे निर्विवाद.

२२/
पंचवटीतले पलुस्कर या सगळ्यानंतरचे आहेत. मुंबईत उभारलेल्या संस्थेवर कर्ज झाले आणि १९२० च्या दशकात तिची इमारत हातची गेली. दौलतीची कथा संपली, तेव्हा रामनामाची कथा पुढे आली. रामाच्या वास्तव्याने पावन मानलेल्या पंचवटीत, गोदेच्या काठी, भगव्या वेषातला गायक रामधून गातो, हे चित्र लोकांच्या मनात ठसले. भक्ती खरी होती यात शंका घेण्याचे कारण नाही. पण चरित्रकथांत वैराग्याचा प्रकाश इतका भरून राहतो की त्यामागचा हिशेब, देणेकरी आणि मोडलेला संसार झाकला जातो. २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेत त्यांचे निधन झाले. ज्या गावातून अपमान घेऊन निघाले असे कथा सांगते, तेथेच ती पूर्ण झाली.

२३/
शिष्योत्तम विनायकराव पटवर्धनांनी त्यांच्यावर पुस्तक लिहिले, ‘माझे गुरुचरित्र’. मराठी घरांत ‘गुरुचरित्र’ म्हणजे पारायणाची पोथी. नावानेच ठरवून टाकले की हे वाचायचे ते श्रद्धेने. गुरू हयात असताना घडलेली कथा अशी शिष्याच्या हातून पोथी होते, आणि पोथीत खाडाखोड करण्यास कोणी धजत नाही.

२४/
पलुस्करांचे पुत्र दत्तात्रेय (१९२१–१९५५) यांच्या बालपणाची काही वर्षे नाशिकच्या आश्रमात गेली. वडील गेले तेव्हा ते दहा वर्षांचे होते. १९५२ च्या ‘बैजू बावरा’ चित्रपटात तानसेन आणि बैजू यांची जुगलबंदी आहे. तानसेनासाठी उस्ताद अमीरखाँ गायले, बैजूसाठी दत्तात्रेय पलुस्कर. राग देसी. बैजूच्या सुरांनी दगड पाघळतो. अबुल फझलच्या ‘ऐन-ए-अकबरी’त अकबरी दरबारातल्या कलावंतांची यादी आहे आणि तानसेनाचे नाव तिच्या शिरोभागी आहे, हा सामना तेथे नाही. ती गायकांनी गायकांविषयी सांगितलेली कथा आहे : दरबारी गवई हरला, फकीर जिंकला. मिरजेच्या अपमानाचेच हे जुने रूप. त्या कथेला आवाज दिला मिरज सोडलेल्या गवयाच्या मुलाने. तीन वर्षांनी, चौतिसाव्या वर्षी, तेही गेले. त्यांनी आपले चरित्र लिहिले नाही. ध्वनिमुद्रिका मात्र आहेत.

२५/
तेव्हा एखाद्या गवयाचा किंवा बँडचा भारदस्त परिचय समोर आला तर केवळ हसून सोडू नये आणि तसाच उतरवूनही घेऊ नये. तीन प्रश्न विचारावेत. हे कोणाला ऐकवण्यासाठी लिहिले? कोणत्या अवहेलनेला हे उत्तर आहे? आणि कोणाचे नाव गाळल्याशिवाय ही कथा इतकी सरळ झाली नसती? पहिल्या दोन प्रश्नांनी सांगणाऱ्याला न्याय मिळतो. तिसऱ्याने, ज्यांना सांगता आले नाही, त्यांना.

२६/
पंचवटीतल्या वहीत यात्रेकरू आपले नाव लिहितो ते आधीच्या हस्ताक्षरांच्या खाली. गवयाच्या वहीची वरची पाने कोरी होती, म्हणून ती त्याने स्वतः भरली. ती पाने पुरावा म्हणून टिकत नाहीत. पण ती भरण्याची गरज त्याला का पडली, हा इतिहासाचा अस्सल पुरावा आहे.